शलाकाचे तीन नवरे

एका जंगलात, बाळांनो, एक सायाळ राहत होती. सायाळ म्हणजे काय, हे ठाऊक नसेल तर रताळी लावणाऱ्या कुणालाही विचारा. तो आधी शिव्या देईल आणि मग सांगेल. अंगावर हातभर लांब काटे, पुढे उंदरासारखं तोंड आणि जमिनीखालचं हुंगून काढणारं नाक. तिचं नाव शलाका.

शलाका शांत होती. कुणाच्या अध्यातमध्यात नव्हती. कोणता कंद गोड, कोणता घशाला खाजरा, हे ती वरच्या मातीच्या वासावरून सांगायची. जंगलात तिच्या शब्दाला मान होता.

एका हिवाळ्यात जंगलात पाहुणा आला. दूर समुद्रापलीकडे धुक्याचं बेट आहे, तिथला तो बिज्जू. पांढऱ्या तोंडावर दोन काळे पट्टे, आखूड पाय आणि बीळ खणण्यात एक नंबर. स्वभाव इतका सभ्य, की झाडावर आपटला तर झाडाची माफी मागायचा. त्याचं नाव ऑस्वल्ड. कंदमुळांचा अभ्यास करायला तो सहा महिन्यांच्या परवान्यावर आला होता.

कंदमुळांचा अभ्यास पहिल्या आठवड्यात संपला. उरलेले दिवस तो शलाकाचा अभ्यास करत होता.

शलाकाची आई म्हणाली, "मुलगा परका आहे गं."

शलाका म्हणाली, "पण बीळ छान खणतो."

आई म्हणाली, "मग हरकत नाही."

लग्न झालं. सायाळींच्या लग्नात नवरा-बायकोने मिठी मारायची पद्धत नाही. का, ते सांगायला नको. नाकाला नाक लावायचं, की झालं लग्न. मग दोघं नोंदणीला ग्रामपंचायतीत गेली. तिथे घोरपडताई ग्रामसेविका होत्या.

"नवऱ्याचं नाव?"

"ऑस्वल्ड," ऑस्वल्ड म्हणाला.

घोरपडताईंनी लिहिलं : अस्वल.

"ताई, अस्वल नाही, ऑस्वल्ड," शलाका म्हणाली.

"तेच लिहिलंय."

"पण हे बिज्जू आहेत."

"असू देत की. बिज्जूचं नाव अस्वल असू नये असा कुठे नियम आहे? आमच्या शेजारच्या लांडग्याचं नाव शांताराम आहे."

घोरपडीने एकदा भिंत धरली की ती सोडत नाही. लिहिलेल्या अक्षराचंही तसंच. ऑस्वल्डने घोरपडताईंची माफी मागितली आणि दोघं दाखला घेऊन घरी आली.

सहा महिने संपले. ऑस्वल्डला परत जावं लागलं. जाताना तो म्हणाला, "तू अर्ज कर. आमच्या बेटावर सगळं नियमाने चालतं. महिनाभरात काम होईल."

बिचारा! आपल्याच घरात आपण कधी पाहुणे म्हणून गेलेलो नसतो. दार बाहेरून कसं दिसतं, हे त्याला ठाऊक नव्हतं.

जंगलाच्या टोकाला बेटाच्या परवान्याची खिडकी होती. खिडकी बेटाची, पण आत बसवले होते बगळे. म्हणजे उभे केले होते, एका पायावर. त्यांना एकच वाक्य येत होतं. "आम्ही फक्त कागद घेतो. निर्णय बेटावर होतो." बेटावर निर्णय घेणारं एक घुबड होतं म्हणे. ते कुणी पाहिलेलं नव्हतं.

एक गंमत सांगतो. फार पूर्वी याच बेटावरचे प्राणी या जंगलात आले होते. मिरी घेतो आणि जातो, म्हणाले. दीडशे वर्षं राहिले. त्या वेळी खिडकी नव्हती. खिडकीची कल्पना त्यांना घरी परत गेल्यावर सुचली.

असो. शलाका रांगेत उभी राहिली. तिच्या काट्यांमुळे तिच्यामागे नेहमीच थोडी मोकळी जागा असायची.

"तुम्ही नवरा-बायको आहात याचा पुरावा?" बगळ्याने विचारलं.

"आमचं लग्न झालंय."

"लग्न हा पुरावा नाही, बाई. लग्न हा दावा आहे. पुरावा वेगळा."

त्याने यादी दिली. फुप्फुसांचा फोटो. बेटाच्या भाषेची परीक्षा. नवऱ्याच्या बिळात दोघांना वर्षभर पुरतील इतकी गांडुळं असल्याचा दाखला. शिवाय ती गांडुळं सहा महिने एकाच जागी असली पाहिजेत. हा नियम गांडुळांना कुणी कळवला नव्हता. आणि नवरा-बायकोची पत्रं.

"सगळी?" शलाका लाजली.

"सगळी. दोन प्रतींत."

भाषेच्या परीक्षेत ती सहज पास झाली. परीक्षक पोपट तिच्या पायावर आपटला आणि तिच्या तोंडून बेटाच्या भाषेत "माफ करा" निघालं. पोपटाने पुढे काही विचारलंच नाही.

तिने अर्ज दिला. तीन महिन्यांनी पाकीट आलं. तिने ते बिळाच्या तोंडाशी, आईच्या देखत उघडलं.

"महोदया, काळजीपूर्वक विचारांती आपला अर्ज नामंजूर करण्यात येत आहे. आपले एकाच वेळी तीन विवाह झाल्याचे दिसते. अर्जात पती ऑस्वल्ड आहे. दाखल्यात पती अस्वल आहे. आणि आपली छत्तीसच्या छत्तीस पत्रे 'अहो' या तिसऱ्याच व्यक्तीला लिहिलेली आहेत."

शलाका जुन्या वळणाची होती. नवऱ्याला नावाने हाक मारणं तिच्या जिभेला जमत नव्हतं.

आईने विचारलं, "काय म्हणतात?"

"मला तीन नवरे आहेत म्हणतात."

"एक सांभाळताना माझी पुरेवाट झाली," आई म्हणाली आणि आत गेली.

घोरपडताई दाखला बदलायला तयार नव्हत्या. मग अस्वल हा आपला नवरा नाही, असं अस्वलाकडूनच लिहून घ्यावं लागणार होतं. जंगलात एकच संसारी अस्वल होतं, भिकोबा. भला गृहस्थ. त्याने प्रतिज्ञापत्रावर पंजा उमटवला : "मी शलाका सायाळ हिचा नवरा नाही आणि कधीही नव्हतो." संध्याकाळी तो कागद त्याच्या बायकोने वाचला.

"नाही म्हणायची वेळ का आली?" तिने विचारलं. "कुणी विचारलं होतं?"

भिकोबाने पुढचे तीन दिवस मोहाच्या झाडाखाली काढले.

राहिला 'अहो'. अहो कुणी व्यक्ती नाही, हे पटवायला शलाकाने जंगलातल्या सगळ्या लग्न झालेल्या बायकांच्या सह्या घेतल्या. हरिणी, रानडुकरीण, खारूताई, एकूण चौऱ्याऐंशी जणींनी लिहून दिलं, की आमच्याकडेही अहोच आहेत. हा कागद बेटावर गेला. घुबडाने त्यावर शेरा मारला : "हा अहो अतिशय धोकादायक इसम दिसतो. शोध घ्यावा."

दुसऱ्या वेळी बगळ्याने तिला खिडकीशीच अडवलं. "नवऱ्याचं नाव स्वतःच्या तोंडाने, स्पष्ट उच्चारा."

रांगेत सगळं जंगल उभं होतं. शलाकाचे काटे लाजेने ताठ झाले. मग तिने डोळे मिटले आणि घेतलं नाव :

"एक पाय वर धरून बगळा मारतो शिक्का,
ऑस्वल्डरावांशी माझा संसार आहे पक्का!"

रांगेने टाळ्या वाजवल्या. बगळा म्हणाला, "शिक्का आम्ही मारत नाही. निर्णय बेटावर होतो."

तिच्या मागे रांगेत एक कोल्हीण होती. बोटाला अंगठी, हातात जाडजूड फाइल. बगळ्याने तिलाही नवऱ्याचं नाव विचारलं. "एक मिनिट हं," म्हणत तिने फाइल चाळली, "हे बघा, पान सात." तिला पंधरा दिवसांत परवाना मिळाला. नवरा तिने अजून पाहिलाही नव्हता.

कोल्हीण जाता जाता शलाकाला म्हणाली, "तुझ्या फाइलमध्ये मिठीचा फोटो नाही. मी बत्तीस लावलेत. मिठीशिवाय घुबडाला प्रेम समजत नाही."

"अगं, पण आमच्यात..."

"तुमच्यात नसेल. फाइलमध्ये हवं."

शलाकाने कळवलं. ऑस्वल्ड आठ दिवसांची रजा काढून बोटीने आला. इतक्या महिन्यांनी भेट झाली आणि पहिलं काम काय, तर फोटो. माकडाने कॅमेरा लावला. शलाकाने होते नव्हते तेवढे काटे अंगासरसे दाबून धरले. ऑस्वल्डने श्वास घेतला आणि मिठी मारली.

"हसा!" माकड म्हणालं.

ऑस्वल्डच्या अंगातून सतरा काटे काढावे लागले. शलाका एकेक काटा काढत होती आणि रडत होती. तो प्रत्येक काट्याला "माफ कर" म्हणत होता. आठ दिवसांतले सहा दिवस मलमपट्टीत गेले.

दोन महिन्यांनी पाकीट आलं.

"महोदया, छायाचित्रात पती तीव्र वेदनेत असून त्याची नजर सुटकेची याचना करते. हा विवाह पतीवर दबाव आणून झाल्याची दाट शंका येते. नामंजूर."

अशी दोन वर्षं गेली, बाळांनो. शलाका अर्ज करायची, पाकीट यायचं. ती अजूनही दोघांपुरते कंद खणायची. त्याच्या वाटणीचे वाळवून ठेवायची. एके दुपारी ती ढिगाकडे बघत बसली. खालच्या कंदांना कीड लागली होती. आईने निवडायला सूप पुढे सरकवलं.

त्या दुपारी शलाकाला राग आला. आधी घुबडाचा आला. मग बगळ्यांचा आला. पण घुबड दिसत नाही आणि बगळ्याला कळत नाही. राग कुणावर तरी निघायला हवा होता. तो नवऱ्यावर निघाला. तिने बसल्या बैठकीला दोन पत्रं लिहिली. एक घुबडाला, अत्यंत नम्र. एक नवऱ्याला, अत्यंत खरं. दोन्ही तिने खिडकीवर दिली. बगळ्याने पाकिटं भरली, आणि भरताना तो नेमका पाय बदलत होता.

नवऱ्याचं पत्र घुबडाला गेलं.

घुबडाने चष्मा लावून वाचायला सुरुवात केली.

"अहो, महिनाभरात काम होईल म्हणाला होतात. कुठला महिना? तुम्हाला काही विचारलं की 'तुझी मर्जी' म्हणता आणि मग आपल्या मर्जीचं झालं नाही की तोंड पाडून बसता. माझ्या आईशी दोन वर्षांत 'हवा छान आहे' याच्या पलीकडे एक वाक्य बोलला नाहीत. त्या दिवशी हवा छान नव्हतीही. चिखलाचे पाय घेऊन बिळात शिरता, आणि वर विचारता, की हे कुणी केलं? आणि थंडीत चार महिने झोपता. झोपा! मी आहे इथे रांगेत उभी राहायला. मला काय, काटे आहेत, बसताही येत नाही. ता. क. गळ्याला फडकं गुंडाळत जा. तिकडे गारठा फार असतो."

घुबडाच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली होती. त्याने पत्र खाली ठेवलं. दाराकडे एकदा बघितलं. आपण घरी जाताना आणायचं काय विसरलोय, हे आठवून बघितलं. मग पत्र पुन्हा वाचलं आणि सहायकाला म्हणालं, "असलं पत्र परक्या माणसाला लिहिता येत नाही. हे लग्न शंभर टक्के खरं आहे."

आणि त्याने शिक्का मारला.

इकडे ऑस्वल्डला घुबडासाठी लिहिलेलं पत्र मिळालं. "आदरणीय महोदय, आपल्या बहुमोल वेळातील काही क्षण मिळावेत ही नम्र विनंती. आपली आज्ञाधारक अर्जदार, शलाका." बिचारा गार पडला. बायको रागावलेली त्याने पाहिली होती. बायको आज्ञाधारक झालेली त्याने कधी पाहिली नव्हती. संपलं सगळं, असं त्याने धरलं.

म्हणून शलाका बोटीतून उतरली तेव्हा तो धक्क्यावर ते पत्र छातीशी धरून उभा होता.

"मी महोदय कधीपासून झालो?" त्याने विचारलं.

शलाकाने पत्र पाहिलं. मग तिला हसू फुटलं. इतकं, की काटे खुळखुळले आणि धक्क्यावरचे चार बगळे उडाले. कितीतरी महिन्यांनी तिने नवऱ्याच्या नाकाला नाक लावलं. ते थंडगार होतं. फडकं गुंडाळलेलं नव्हतं, हे तिने लगेच सांगितलं.

आता इथे गोष्ट संपायला हवी, हो ना? पण परवाना होता दोन वर्षं आणि नऊ महिन्यांचा. त्यानंतर पुन्हा सिद्ध करायचं होतं, की नवरा-बायको अजूनही नवरा-बायको आहेत.

शलाका आता शहाणी झाली होती. परवान्याबरोबर आलेल्या कागदावर घुबडाचा शेरा होता : "भांडण समाधानकारक." मग काय! तिने ठरवलं, दर गुरुवारी एक लेखी भांडण करायचं. तारीख घालायची, दोघांनी सही करायची आणि फाइलला लावायचं.

अडचण एकच होती. दोघं सुखात होती. ती बेटावरचे नवे कंद हुंगत फिरायची, तो मागून टोपली घेऊन चालायचा. गुरुवार आला की भांडायला विषय सापडायचा नाही. आणि ऑस्वल्डला भांडता येत नव्हतं. ती चार ओळी झोडपून काढायची आणि तो खाली लिहायचा, "तुझं अगदी बरोबर आहे. माफ कर."

"अहो, असं नाही चालत!" ती वैतागायची. "एकतर्फी दिसतं. माझ्या माहेरचं काहीतरी काढा."

"तुझी आई मला आवडते."

"मला नका सांगू! कागदावर काढा!"

हळूहळू तो शिकला. दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस त्याने "तुमच्याकडचे सगळे असेच" हे वाक्य स्वतःच्या हिमतीवर लिहिलं. शलाकाला इतका अभिमान वाटला, की तिने त्या दिवशी गोड कंद भाजला. एकशे त्रेचाळीस भांडणांची फाइल तयार झाली. दोघांनी मिळून ती घुबडाच्या कचेरीत नेऊन दिली.

पण ते जुनं संसारी घुबड निवृत्त झालं होतं. त्याच्या खुर्चीवर नवं घुबड आलं होतं. तरुण, हुशार, कोवळ्या मनाचं आणि अविवाहित.

त्याने सगळी फाइल वाचली. वाचता वाचता त्याचे डोळे भरून आले. त्याने दोघांना बोलावून घेतलं आणि हळुवार आवाजात सांगितलं, "एकशे त्रेचाळीस! इतकं दुःख तुम्ही कसं सोसलंत? बाई, आता काळजी करू नका. मी तुमची सुटका करतो. तुमचा परवाना मी वाढवत नाही. साठ दिवसांत तुम्ही यांच्यापासून लांब, आपल्या घरी जाऊ शकता."

"अहो, पण आम्ही सुखात आहोत!" शलाका ओरडली.

"असं सगळेच म्हणतात," घुबड म्हणालं आणि तिला रुमाल दिला.

दोघं बाहेर आली. ऑस्वल्ड पायरीवर थांबला. आयुष्यभर तो या बेटाच्या नियमांची बाजू घेत आला होता. शलाका वाट बघत होती, की आता तो कचेरीच्या दाराचीही माफी मागेल.

"माझं बीळ मोठं आहे," तो शेवटी म्हणाला. "पण मला कुठेही खणता येतं."

एवढंच. आठवड्याभरात दोघं बोटीत बसली. बोटीवर गुरुवार आला आणि गेला. दुपारभर दोघं समुद्राकडे बघत शेंगा खात बसली. कुणी कुणाला काही लिहून दिलं नाही.

जंगलात आल्यावर नियमाप्रमाणे ऑस्वल्ड ग्रामपंचायतीत गेला. परक्याला राहायचं तर इथेही अर्ज असतो. घोरपडताईंनी ड्रॉवर उघडला, फॉर्म शोधला, तो सापडला नाही. "राहा तोवर," त्या म्हणाल्या. "मिळाला की निरोप पाठवते." घरी शलाकाची आई बिळाच्या दारातच उभी होती. ऑस्वल्डने आल्या आल्या तिला सांगितलं, की प्रवासात पाठ फार धरली. हवेबद्दल तो एक शब्दही बोलला नाही. आईने तेल गरम करायला घेतलं.

पावसाळा सरला आणि बेटाहून एक पाकीट आलं.

"महोदया, आपण पतीपासून विभक्त होऊन सुखरूप घरी पोहोचल्याची नोंद आमच्याकडे नाही. तरी आपण दोघे एकत्र राहत नसल्याचा पुरावा तीस दिवसांत सादर करावा. सोबत पतीची संमती जोडावी."

शलाकाने पत्र दोनदा वाचलं. कागद चांगला होता, जाड, गुळगुळीत. शेजारची खारूताई तेवढ्यात सुकी मोहाची फुलं मागायला आली होती. शलाकाने त्या कागदात तिला पुडी बांधून दिली.

तात्पर्य : बाळांनो, खरं लग्न कधीही करू नये. त्याचे पुरावे राहत नाहीत. करायचंच झालं, तर आधी फाइल तयार करावी आणि मग तिच्यात बसेल असा नवरा शोधावा.